जळजळीवर ज्येष्ठमध: कोणी, किती आणि कुठवर घ्यायचं

नागपूरकराच्या पोटाला बाहेरून शत्रू यायची गरज नाही. सकाळी तर्री-पोहे, दिवसभर चहावर चहा, मधूनच तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि रविवारी रात्री सावजीचा लालभडक रस्सा. मग रात्री दीडला छातीच्या मधोमध आग, तोंडात आंबट पाणी, आणि घरातलं कुणीतरी झोपेतच सांगतं, "ज्येष्ठमध चघळ ना बाप्पा!"

सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. काडी चघळायची हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती ग्रॅम, किती दिवस आणि कोणी अजिबात हात लावायचा नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. गोड लागतं म्हणून निरुपद्रवी असेल, अशी समजूत असते. हेच गोड मूळ जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब चढवतं, म्हणून त्याच्याकडे खाऊसारखं न बघता औषधासारखं बघायला हवं: मोजून सुरू करायचं आणि ठरवून बंद करायचं.

आधी दुखणं ओळखा

ज्येष्ठमधाचा उपयोग होतो तो जळजळीवर. जेवणानंतर छातीत किंवा बेंबीच्या वर आग होणं, आंबट-कडू ढेकर, रिकाम्या पोटी कुरतडल्यासारखं दुखणं, पित्ताने घसा खवखवणं या त्याच्या हद्दीतल्या तक्रारी. नुसता गॅस धरत असेल, पोट डमरूसारखं होत असेल, तर याच्या नादी लागू नका; तिथे ओवा, सुंठ, हिंग जास्त कामाचे. भूकच नसेल, जिभेवर पांढरा थर असेल, सकाळी उठल्यापासून जड वाटत असेल, तरीही हे औषध नाही. आयुर्वेदात यष्टिमधु मधुर, शीत, स्निग्ध, पण गुरू सांगितलं आहे. अग्नी मंद असताना गुरू द्रव्य पोटात आणखी जड होतं.

काही खुणा दिसल्या तर मात्र काडी बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठायचा. डांबरासारखी काळी शौच, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ. आणि सगळ्यात महत्त्वाचं: छातीतल्या दुखण्यासोबत दरदरून घाम, धाप, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ असेल, तर त्याला ॲसिडिटी म्हणत बसू नका. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय असो, मेयो रुग्णालय असो की घराजवळचं हॉस्पिटल, जे आधी येईल तिथे जा आणि ईसीजी काढून घ्या. पित्त समजून सकाळपर्यंत थांबलेले लोक आपल्या सगळ्यांच्याच ओळखीत असतात.

गुडघ्यासाठी किंवा कंबरेसाठी रोज वेदनाशामक गोळी चालू असेल, तर जळजळीचं मूळ बहुधा तिथेच आहे. त्या गोळ्यांनी जठराचं अस्तर सोलवटतं. गोळी तशीच चालू ठेवून वरून ज्येष्ठमध घेणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं.

हे मूळ पोटात करतं काय

जठराच्या आतल्या बाजूला बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. आपलंच आम्ल आपलंच जठर जाळत नाही, ते या थरामुळे. हा थर टिकवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. ज्येष्ठमधातले घटक ही द्रव्यं मोडणाऱ्या विकराला आवर घालतात, म्हणून श्लेष्मा वाढतो आणि अस्तराला सावरायला वेळ मिळतो. आम्ल थेट कमी करणाऱ्या गोळ्यांपेक्षा ही वाट वेगळी आहे, आणि सावकाशीची आहे. पहिल्याच घोटाला चमत्काराची अपेक्षा धरू नका.

यामागचा इतिहास सांगण्यासारखा आहे. 1946 मध्ये नेदरलँड्समधल्या रेव्हर्स या डॉक्टरांनी नोंदवलं की ज्येष्ठमधाच्या अर्काने जठरातले व्रण सुधारतात. त्याच नोंदीत दुसरी गोष्टही होती: साधारण पाचातल्या एका रुग्णाला सूज आली. पुढे 1960 च्या दशकात ब्रिटनमध्ये ज्येष्ठमधातल्याच घटकावरून कार्बेनॉक्सोलोन नावाचं औषध तयार झालं. जठराच्या व्रणावर ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं, आणि त्याचेही दुष्परिणाम तेच निघाले, रक्तदाब वाढणं आणि पोटॅशियम घटणं. 1970 च्या दशकात आम्ल कमी करणारी नवी औषधं आल्यावर ते मागे पडलं. थोडक्यात, गुण आणि धोका दोन्ही पहिल्यापासून एकत्रच दिसलेले आहेत.

या धोक्याचं कारण ग्लायसिरायझिन. ज्येष्ठमधाचा गोडवाही यातूनच येतो. साखरेच्या कितीतरी पट, साधारण पन्नासपट गोड. शरीरात गेल्यावर ते मूत्रपिंडातल्या एका विकराचं काम थांबवतं. त्यामुळे कॉर्टिसॉल हे संप्रेरक मिठाचं प्रमाण सांभाळणाऱ्या संप्रेरकासारखं वागायला लागतं. शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, दाब चढतो.

कोणी घ्यायचं नाही

रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी नाही, मग तो गोळीने ताब्यात असला तरी. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुना आजार असेल तर नाही. गरोदरपणात नाही. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर नाही, कारण तीही बहुधा पोटॅशियम कमी करते. इथे एक मेख आहे: रक्तदाबाच्या कित्येक जोडगोळ्यांमध्ये लघवीचं औषध मिसळलेलं असतं आणि घेणाऱ्याला ते माहीतच नसतं. पट्टीवर हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं काही छापलं आहे का, ते वाचा. हृदयासाठीचं डिगॉक्सिन, स्टेरॉइड आणि रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. लहान मुलांना पोटासाठी द्यायचं तर वैद्याला विचारून, घरच्या अंदाजाने नव्हे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि त्याच महिन्यात लग्नाच्या पंगती. जुलाब-उलट्या झाल्या की पोटॅशियम आधीच घसरलेलं असतं. अशा आठवड्यात ज्येष्ठमध "थंड असतं" म्हणून सुरू करू नका. आधी ओआरएस, ताक, नारळपाणी. पोट पूर्ण ठिकाणावर आलं की मग पुढचं.

इतवारीत गेल्यावर

ज्येष्ठमध आपल्या भागात पिकत नाही. बाजारातला बराच माल इराण, अफगाणिस्तान, मध्य आशियाकडून येतो. नागपुरात तो घ्यायला सोपी जागा म्हणजे इतवारीतली काष्ठौषधीची, जडीबुटीची दुकानं. तिथे मराठीत मागा नाहीतर मुलेठी म्हणा, दोन्ही चालतं. गल्ल्यावरचा माणूस पहिला प्रश्न ठरलेला विचारतो, "काहून पाह्यजे ताई, घश्यासाठी का पोटासाठी?" पोटासाठी म्हटलं की तो तयार पावडरीचं पाकीट पुढे सरकवतो. ते न घेता अख्ख्या काड्या मागा. पावडरीत काय दळलंय ते डोळ्यांना दिसत नाही, काडीत दिसतं.

बोटाएवढी जाड काडी निवडा. वरून तपकिरी-करडी, लांबट सुरकुत्यांची साल, आणि आतून पिवळा गाभा. मोडून बघा: चांगली काडी कडकन तुटते आणि तुटल्या जागी तंतू उभे राहतात. गाभा काळपट पडलेला, टाचणीएवढी भोकं, बोटाला पीठ लागतंय, तर तो माल भुंग्याने खाल्लेला आहे. कुबट वास आला तर तिथेच परत करा. शेवटी नखाएवढा तुकडा दाताखाली धरा. गोडी लगेच उतरते आणि थुंकून टाकल्यावरही घशात बराच वेळ रेंगाळते, शेवटाला किंचित कडवटपणा असतो.

गोडी फिकी आणि कडवटपणाच जास्त असेल तर गुंजेचं मूळ मिसळलेलं असू शकतं. गुंजेचा गोड पाला पानात घालतात तो आपल्याला परिचयाचा आहे, पण तिचं मूळ ज्येष्ठमधाच्या नावाने खपवणं जुनंच आहे. गुंजेच्या बिया तर जहाल विषारी.

त्याच दुकानात काळ्या चकचकीत कांड्या मिळतात, मुलेठीचा सत म्हणून. तो आटवलेला अर्क आहे, काडीपेक्षा कितीतरी तीव्र. घशासाठी चण्याएवढा तोंडात धरणारे लोक आहेत, पण पोटासाठी रोज घ्यायला तो आणू नका. मात्रेचा हिशोबच लागत नाही.

पहिल्या खेपेला 50 ग्रॅम पुरे. आपला पूर्ण क्रम त्यात होऊन काही उरेल.

चूर्ण करताना

काड्या धुवायच्या असतील तर वाहत्या पाण्याखाली भरकन धुऊन लगेच पुसा. भिजत ठेवल्या तर गोडवा पाण्यात जातो. दोन दिवस सावलीत, फॅनखाली वाळवा. मग अडकित्त्याने बारीक तुकडे करा. अख्खी काडी मिक्सरमध्ये घातली तर तंतू पात्याला गुंडाळतात आणि मोटर तापते. तुकडे खलबत्त्यात आधी ठेचून मग मिक्सर थांबत-थांबत फिरवा. झाकण उघडण्याआधी मिनिटभर थांबा, नाहीतर उडालेली धूळ नाकात जाऊन शिंकांचा सपाटा लागतो. मैद्याच्या चाळणीने किंवा मलमलीच्या कपड्याने चाळा. खाली उरतं ते पिवळसर चूर्ण, वर राहते ती भरड. भरड टाकू नका, ती काढ्यासाठी ठेवा.

आता मोजायचं कसं? घरच्या काट्यावर 1 ग्रॅम नीट येत नाही. म्हणून 20 ग्रॅम एकदम तोला, कागदावर पसरा, सुरीने सारखे दहा भाग करा आणि पुड्या बांधा. प्रत्येक पुडी 2 ग्रॅमची. रोज एक पुडी, दोन वेळात निम्मी-निम्मी. चमच्याच्या भरवशावर राहिलं तर आज सपाट, उद्या शिगोशीग असं होतं. पुड्या कोरड्या काचेच्या बरणीत ठेवा. पावसाळ्यात चूर्ण ओल धरतं, तेव्हा एका वेळी थोडंच करा.

घ्यायचं कसं

एकच कृती सगळ्या जळजळीला लागू नाही, आणि सगळ्या कृती एकाच दिवशी करायच्या नाहीत.

रिकाम्या पोटी आग होत असेल तर चूर्ण. सकाळी आणि संध्याकाळी जेवणाच्या अर्धा तास आधी 1 ग्रॅम, कोमट पाण्यात कालवून. चूर्ण पाण्यावर तरंगतं, आधी चमचाभर पाण्यात घोटून मग वरचं पाणी घाला. दुधातून घेण्याचीही परंपरा आहे, चरकसंहितेत यष्टिमधुचं चूर्ण दुधासोबत सांगितलं आहे, मात्र तिथे ते मेध्य रसायन म्हणून, बुद्धीसाठी. पित्तासाठी दूध घ्यायचं तर अर्धा कप, साखर न घालता. पेलाभर दुधाने क्षणभर थंड वाटतं आणि मग आम्ल पुन्हा सुटतं.

रात्री आडवं झाल्यावर आंबट पाणी वर येत असेल तर जेवणानंतर काडीचा दोन इंची तुकडा पंधरा-वीस मिनिटं चघळा. चघळण्याने लाळ सुटते, आणि लाळ गिळली जाते तेव्हा अन्ननलिकेतलं आम्ल धुतलं जातं. चोथा थुंकून टाका. ज्या दिवशी काडी चघळली त्या दिवशी संध्याकाळचं चूर्ण घेऊ नका. आणि जेवण-झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवलं नाही, तर काडीकडून फार आशा नको.

पित्ताने घसा धरला असेल तर काढा. ग्रंथांमध्ये द्रव्याच्या 16 पट पाणी घालून आटवायला सांगितलं आहे, पण जळजळीसाठी इतका दाट लागत नाही. 2 ग्रॅम भरड, दीड कप पाणी, मंद आचेवर एक कप उरेपर्यंत. भांडं मोठं घ्या. ज्येष्ठमधात फेस करणारे घटक आहेत, उकळी फुटली की फेस काठावरून उतू जातो. गाळून, कोमट झाल्यावर दिवसभरात दोनदा निम्मा-निम्मा, घोट-घोट. यात आलं, मिरी, दालचिनी घालायचा मोह आवरा. सर्दीच्या काढ्याची सवय इथे उलटी पडते. काढा केला म्हणून धोका कमी होतो असंही नाही, ग्लायसिरायझिन पाण्यात उतरतंच.

उन्हाळ्यात हिम बरा वाटतो: 2 ग्रॅम भरड रात्री कपभर पिण्याच्या पाण्यात झाकून ठेवायची, सकाळी कुस्करून गाळून प्यायची. अंग तापलेलं असताना काढ्यापेक्षा हा घोट पचनी पडतो.

तोंड आलं असेल तर चूर्ण तुपात कालवून फोडांवर लावा. हे थोडंच पोटात जातं, त्याची चिंता नको.

2 ग्रॅमच का, आणि दोनच आठवडे का

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात चूर्णाची मात्रा 2 ते 4 ग्रॅम दिली आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने पोटाच्या जळजळीसाठी 1.5 ते 2 ग्रॅमचा कपभर चहा दिवसातून दोन ते चार वेळा, आणि तोही चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही, असं म्हटलं आहे. तिथल्याच अन्नविषयक वैज्ञानिक समितीने 2003 मध्ये नेहमीच्या खाण्यातून दिवसाला 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लायसिरायझिन जाऊ नये, असा सल्ला दिला.

आता हिशोब करा. ज्येष्ठमधाच्या मुळात ग्लायसिरायझिन 2 टक्क्यांपासून 15 टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं. 4 टक्के धरलं तर 2 ग्रॅममध्ये 80 मिलिग्रॅम, रेषेच्या आत. 10 टक्के निघालं तर त्याच 2 ग्रॅममध्ये 200. इतवारीतली कुठली काडी किती टक्क्यांची, हे कोणताच दुकानदार सांगू शकत नाही. म्हणून घरच्या वापरात मी खालची मात्रा आणि दोन आठवड्यांची मुदत योग्य मानते. वैद्य नाडी-प्रकृती बघून यापेक्षा जास्त देत असतील तर ती त्यांच्या देखरेखीखालची गोष्ट. सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात ओपीडी आहे. विचारायला कुणाच्या ओळखीची गरज नाही.

सुरू करायच्या आधी रक्तदाब मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. 140/90 किंवा वर असेल तर सुरूच करू नका. सातव्या दिवशी पुन्हा मोजा. दाब चढलेला दिसला, पायावर बोट दाबल्यावर खळगा राहिला, डोकं जड झालं, पिंढऱ्यांत गोळे आले, जिने चढताना मांड्या लटपटल्या किंवा छातीत धडधडलं, तर त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे जाऊन पोटॅशियम तपासून घ्या. ज्येष्ठमध थांबवल्यावरही परिणाम उतरायला एक-दोन आठवडे लागू शकतात, म्हणून "उद्यापासून ठीक होईल" असं धरून चालू नका.

दिवसाची बेरीज करताना बाकीचंही धरा. खोकल्याच्या बऱ्याच आयुर्वेदिक सिरपमध्ये, चघळायच्या गोळ्यांमध्ये, काही मुखवासांत ज्येष्ठमध असतंच. आणि पोट साफ करण्यासाठी लोक सर्रास घेतात ते स्वादिष्ट विरेचन चूर्ण: त्यात ज्येष्ठमध, सोनामुखी, बडीशेप, शुद्ध गंधक आणि साखर. गंमत म्हणजे जुन्या ब्रिटिश फार्माकोपियातलं एक सारक चूर्ण जवळजवळ याच पाच वस्तूंचं होतं. अधूनमधून एखाद्या रात्री घेतलं तर ठीक. पण सोनामुखी जुलाबावाटे पोटॅशियम काढते आणि ज्येष्ठमध लघवीवाटे. रोज रात्री चमचाभर घेऊन झोपणाऱ्या आजी-आजोबांना अशक्तपणा का आलाय, याचं उत्तर कधीकधी उशाशेजारच्या त्या डबीत असतं.

डॉक्टरांनी पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी दिली असेल तर ती स्वतःहून सोडून ज्येष्ठमधावर येऊ नका. व्रणामागे बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. तो घालवायला अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स लागतो, मुळी चघळून तो जात नाही. दोन आठवड्यांनी ज्येष्ठमध बंद केल्यावर जळजळ आठवडाभरात परत आली, तर दुसरा क्रम सुरू न करता पोटाच्या डॉक्टरांकडून या जंतूची तपासणी करून घ्या.

तयार कॅप्सूल

ज्यांना ग्लायसिरायझिनची भीती आहे, त्यांच्यासाठी ते काढून टाकलेलं ज्येष्ठमध गोळ्यांच्या रूपात मिळतं. औषधांच्या दुकानात ते डीजीएल नावाने ओळखतात. रक्तदाबाचा धोका त्यात खूप कमी, पण व्रणावर ते किती चालतं याबद्दलचे जुने प्रयोग एकमेकांशी जुळत नाहीत. अपचनाच्या तक्रारीवर भारतात 50 रुग्णांवर झालेला एक प्रयोग 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. 75 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, 30 दिवस, आणि फरक चांगला दिसला. मात्र तो अर्क खास बनवलेला होता, ग्लायसिरायझिन जवळपास नसलेला. त्याचा दाखला देऊन कुणी साधी पावडर विकत असेल तर त्या दाखल्याला अर्थ नाही. डबीवर ग्लायसिरायझिन काढल्याचं स्पष्ट छापलेलं नसेल, तर आत साधं ज्येष्ठमधच आहे असं समजा आणि त्यालाही तोच 2 ग्रॅमचा, दोन आठवड्यांचा हिशोब लावा.